पोट आत घेऊन

आमच्या कॉलनीतल्या मुली संध्याकाळी मैदानावर कबड्डी खेळतात आणि मी कठड्यावर बसून बघते. यंदा त्यांना अंगाला घट्ट बसणारे टी-शर्ट आलेत. तेव्हापासून अंगाने भरलेली मीनल चढाईला जाताना आधी कठड्याकडे बघते आणि पोट आत ओढून घेते.

तसं पोट आत धरून 'कबड्डी कबड्डी' किती वेळ म्हणणार? काल तिने दोघींना शिवलं, पण परतताना मध्यरेषेला पोचायच्या आतच तिचा दम तुटला.

"अगं, गेल्या वर्षी तुझ्याएवढा दम कुणाचा नव्हता," शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या.

"वजन वाढलंय, दुसरं काय," कठड्यावर माझ्या शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या. मीनलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

श्वासाला शरीरात जागा लागते. ती जागा घ्यायची लाज या मुलींना कोण शिकवतं? त्यासाठी शिकवणी लावावी लागत नाही, एवढा एक कठडा पुरतो.

बाद झालेली मीनल रेषेबाहेर जाऊन बसली. तिने दप्तर मांडीवर ओढलं, पोटाशी घट्ट धरलं आणि त्याच्याआड एक मोठा श्वास घेतला. त्या श्वासावर ती आरामात परत आली असती.