उंद्रीला ठेवलेली प्रत

आमच्या खामगावात कुणाचा कंप्युटर बसला की तो आधी दुकानात जातो, आणि दुकानवाल्यानं हात वर केले की माझ्याकडं येतो. मी काही इंजिनेर नाही. एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो, कापसाच्या गाड्या तोलतो. पण घरचा कंप्युटर मीच जोडला, मीच बिघडवला आणि मीच दुरुस्त केला. येईल त्याला माझं एकच प्रवचन असतं. बापा, जे गमवायचं नाही त्याच्या तीन प्रती ठेव. दोन घरात आणि एक दुसऱ्याच्या घरी. घरात चोर शिरो की आग लागो, तिसरी वाचते. हल्ली हे सांगताना माझी जीभ अडखळते.

हा नियम मला ज्यानं शिकवला तो माझा जुना दोस्त. खामगावजवळच्या उंद्री गावात त्याचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो. तरुणपणी आम्ही खामगावात एकाच कंप्युटर क्लासला होतो. विंडोज कशी टाकायची, रॅम पुसून कशी बसवायची, सगळं मी त्याच्याच हाताखाली शिकलो. तोच एकदा म्हणाला, "तुही डिस्क माह्यापाशी, माही तुह्यापाशी. नेटवर कायले टाकतं बे?" मला हे भलतंच पटलं. पुण्याची माझी लेक सारखी म्हणायची, बाबा, क्लाउडवर टाका. मी म्हणायचो, अगं, क्लाउड म्हणजे परक्याचाच कंप्युटर की! त्या माणसाचं ना तोंड पाहिलं, ना गाव. उंद्रीचा माणूस तरी माझ्या ओळखीचा आहे.

त्याची डिस्क मी जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवायचो. अधूनमधून कंप्युटरला जोडून फिरवायचो, दोन-चार फाइली उघडून बघायचो. नुसती कपाटात ठेवलेली डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून त्यालाही फोनवर विचारायचो, फिरवली का रे? "हाव, फिरवली ना. टनाटन आहे," तो म्हणायचा. दर वेळी हेच. टनाटन आहे.

मग माझी बायको गेली. दुखणं फार लांबलं नाही, तीस वर्षांचा संसार महिनाभरात आटोपला.

तिला मोबाइलवर टाइप करायचा भारी कंटाळा. जे सांगायचं ते बोलून पाठवायची. "अहो, येतानी सांभार आणजा. अन् मांगच्यावानी सुकेल नका आणू, पाहून घ्या जरा." आमच्याकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात. "गॅसवाला येऊन गेला, तुमचा फोन काऊन लागत नाही?" "कायले रागावता, मी निस्तं म्हणलं." असे ढीगभर निरोप होते. गोड असं त्यात काही नव्हतं, निम्म्याहून जास्त तर मला झापलेलंच. माझा फोन जुना झाला होता, मधेच बंद पडायचा. मी घाईघाईनं सगळे निरोप कंप्युटरवर उतरवले, दोन प्रती केल्या आणि पेनड्राइव्ह घेऊन थेट उंद्री गाठली. तिथं माझ्या डिस्कवर ते टाकले आणि प्रत नीट आली का बघायला त्याच्या दुकानात एक लावला. सांभाराचाच लागला. दोस्तानं तोंड फिरवून डोळे पुसले. "वहिनीचा आवाज आहे बे," तो म्हणाला. "जिवापाड जपतो."

त्यानंतर माझा नेमच झाला. काट्यावरून घरी आलो, हातपाय धुतले, की तिचा एखादा निरोप लावायचा. घरात कुणीतरी बोललं पाहिजे ना!

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी लाईट गेली, आली, परत गेली, आणि आली ती दणक्यानंच. कंप्युटरमधून जळका वास सुटला. उघडून पाहिलं तर पॉवर सप्लाय काळाठिक्कर, आणि जाता जाता तो दोन्ही डिस्का घेऊन गेलेला. त्या एकाच डब्यात, एकाच सप्लायवर होत्या. तेवढं तुम्ही करू नका. जुना फोन कधीच मेला होता आणि पेनड्राइव्हही पुसून दुसऱ्या कामाला लागला होता. लेकीला फोन केला तर ती रडायलाच लागली. मी म्हणालो, येडी का तू? उंद्रीला आहे ना! खरं सांगतो, मनातून मला जरा ऐटच वाटत होती. याच दिवसासाठी तर एवढा खटाटोप केला होता.

त्याची डिस्क बरोबर घेतली, म्हटलं त्यालाही नवे फोटो टाकायचे असतील. एसटीनं उंद्रीला उतरलो. "माही डिस्क काढ बे, माह्या दोन्ही जळाल्या," मी दुकानात शिरता शिरताच म्हणालो. तो म्हणाला, बस, चहा सांगतो. चहा आला. गिऱ्हाईक आलं, गेलं. त्यानं औषधाच्या बाटल्या उगाच सरळ केल्या. मी परत म्हणालो, "अबे, डिस्क दे ना."

"ते काय झालं," तो बाटल्यांकडं पाहत म्हणाला, "मांगच्या साली दुकानातून फवारणीचे पंप चोरी गेल्ते. तवा क्यामेरे बसवले. रेकॉर्डिंगले डिस्क पाहिजे होती, अन् त्या दिवशी कुठंच भेटली नाही. म्हणलं सध्या तुही लावू. मग नवी आणू अन् तुह्याकडून परत भरून घेऊ. ते राहूनच गेलं."

गल्ल्याखाली क्यामेऱ्याचा डबा गुरगुरत होता. त्यात माझी डिस्क होती.

हे डबे मी स्वतः बसवले आहेत, मला माहीत आहे ते कसे चालतात. त्यात डिस्क लावली की डबा आधी विचारतो, हिच्यावरचं सगळं पुसू का? होय म्हटल्याशिवाय तो पुढं सरकत नाही. आणि एकदा रेकॉर्डिंग चालू झालं की डिस्क भरते, मग जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं, रात्रंदिवस. वर्षभर असं चालल्यावर जगातला कुणी काही परत काढू शकत नाही.

"तुले इचारलं होतं ना त्यानं?" मी म्हणालो. "पुसू का म्हणून?"

"मले वाटलं, फोटोच असतीन," तो म्हणाला.

याच काउंटरवर ऐकलं होतं त्यानं! याच काउंटरवर रडला होता! एक फोन केला असता तर मी दुसऱ्या दिवशी नवी डिस्क घेऊन आलो असतो, वर चहा मीच पाजला असता. चूक कुणाचीही होते. पण त्यानंतर वर्षभर मी विचारत राहिलो, फिरवली का, आणि हा हरामखोर टनाटन म्हणत राहिला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. आणि राग बोलून काढावा तर दुसरा दोस्तही नाही.

"नवी घेऊन देतो ना तुले," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "माही तर बराबर आहे ना?"

मी पिशवीतून काढून ठेवली. त्यानं तिथंच लॅपटॉपला जोडली. पोरीचं लग्न, बापाची एकसष्टी, जुन्या बैलजोडीचे फोटो, एकेक उघडत गेलं. त्याचा चेहरा खुलला. "लयच जपली बे तू," तो म्हणाला.

त्याच्या कानाखाली द्यायला हात शिवशिवत होता. मी वर पाहिलं. भिंतीवरच्या टीव्हीत आम्ही दोघं दिसत होतो, वरून घेतलेले, मधे काउंटर आणि त्यावर त्याची डिस्क.

"याच्यात आवाज येते काय?" मी विचारलं.

"नाही बे," तो म्हणाला. "निस्तं चित्र."