खिडकीकडची मैत्रीण

पाथरीच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका. परभणीहून रोज एकाच एसटीनं जातो. ती स्टँडवर आधी पोचते, बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून दोघींची जागा धरते आणि खिडकीशी स्वतः बसते. "तुला वारं सोसत न्हाई," म्हणते.

मध्यंतरी मी एक कादंबरी वाचली. तिच्यात एक मैत्रीण नुसत्या काळजीच्या जोरावर दुसरीला मुठीत ठेवते. तिनं काय नेसावं, कुणाशी बोलावं, सगळं हीच ठरवणार! वाचताना मला असा संताप आला की पुस्तक दोनदा मिटून ठेवलं. मग एक खोडसाळ कुतूहल जागं झालं. हे माझ्या मैत्रिणीला वाचायला दिलं, तर ती स्वतःला ओळखेल का? दिलं.

पुढच्या आठवड्यात मी बसमध्ये चढले, तर तिनं पुस्तक पुढं केलं. डोळे भरलेले.

"लय रडले गं. ती बिचारी दबलेली मैत्रीण म्हंजे मीच."

मी उभीच राहिले. "आणि दाबणारी कोण?"

"तू आधी खाली बस. उभं राहिलं की तुला चक्कर येते."

मला आजवर कधी चक्कर आलेली नाही. मी बसले.