उणे दोन मिनिटं

"साहेब, तुमचा बोर्ड म्हणून राह्यला का आज रोजा रात्री पावणेअकराले सोडा. मले मंजूर आहे. पण मोहल्ल्याले तुम्हीच येऊन सांगा!"

फोन जळगाव जामोदहून होता. बोलत होते रफीकभाई, तिथल्या एका मशिदीच्या कमिटीचे सेक्रेटरी. रमजानचा पहिला दिवस, दुपारची वेळ. मी बुलडाण्यात, आमच्या वर्कशॉपमध्ये. सोल्डरिंगचा धूर माझ्या तोंडावर येत होता आणि मला तो एकदम स्मशानातला वाटायला लागला.

आम्ही मशिदींसाठी एलईडीचे वेळेचे बोर्ड बनवतो. रमजानमध्ये दुपारपासून त्यावर इफ्तारची वेळ उमटते आणि सूर्यास्ताच्या त्या क्षणी बोर्ड स्वतःच भोंगा वाजवतो. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली माणसं त्या भोंग्यावर रोजा सोडतात. आणि आमचा बोर्ड त्यांना झोपायच्या वेळेपर्यंत थांबा म्हणत होता.

बोर्डाचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर, नखाएवढी चिप. इतकी वर्षं वापरलेली चिप बाजारातून गायब झाली. आमचे मालक काळेसाहेब नवी घेऊन आले. जास्त वेगवान, जास्त मेमरी.

"चिप बदल, प्रोग्राम तोच टाक," ते म्हणाले. "त्यात काय एवढं?"

मी टाकला. कंपायलरनं, म्हणजे आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरनं, एकही चूक काढली नाही. मी टेबलावर तबला वाजवला.

फोननंतर आम्ही जीप काढली. राजूर घाट उतरताना काळेसाहेबांनी एकदाच तोंड उघडलं. "काय केलं बे तू?"

"तुम्ही सांगितलं तेच."

मोताळा गेलं, नांदुरा गेलं. सूर्य आमच्याहून जोरात पळत होता.

मशिदीत पोहोचलो तेव्हा आत दस्तरखान, म्हणजे इफ्तारची चादर, अंथरायला सुरुवात झाली होती. मी स्टूलवर चढलो आणि बोर्डाची बटणं दाबायला लागलो. खाली रफीकभाई कलिंगड कापत होते.

आता इथली एक रीत सांगायला हवी. छापील वेळापत्रक बुलडाण्याचं असतं. प्रत्येक गाव त्यात आपला फरक धरतं. धाड हे गाव पश्चिमेला, तिथं सूर्य जरा उशिरा मावळतो, म्हणून अधिक एक मिनिट. जळगाव जामोद पूर्वेला, म्हणून उणे दोन. हा आकडा बोर्ड बसवताना आम्ही भरून देतो. वर्कशॉपमध्ये टेस्ट केली ती बुलडाण्याच्या शून्यावर. नमुन्याचा बोर्ड बसवला तो धाड गावात. दोन्हीकडे वेळ चोख.

मी शून्य भरलं. वेळ बरोबर. अधिक एक भरलं. बरोबर. उणे एक भरलं आणि इफ्तार रात्रीत गेला.

स्टूलवरच मला उलगडा झाला. जुन्या चिपला फरकाच्या त्या छोट्या रकान्यात उणे आकडा कळत होता. नव्या चिपचा कंपायलर त्याच रकान्यात उणे मानतच नाही. शून्याच्या मागं गेलं की तो रकान्याच्या वरच्या टोकाला, दोनशे पंचावन्नावर, उडी मारतो; म्हणून उणे दोनला सरळ अधिक दोनशे चोपन्न वाचतो. तेवढी मिनिटं, म्हणजे चार तासांहून जास्त. दुरुस्ती एका शब्दाची होती, या रकान्यात उणेही चालतं हे सांगणाऱ्या. पण प्रोग्राम भरायचं यंत्र बुलडाण्याच्या टेबलावर होतं.

"सोपं आहे," काळेसाहेब कुजबुजले. "फरक शून्य ठेव अन् घड्याळच दोन मिनिटं पुढं कर. भोंगा बरोबर वाजते."

हिशोब अगदी अचूक होता. माझा हात बटणाकडे गेलासुद्धा.

रफीकभाईंनी सुरी खाली ठेवली. "म्हणजे एक भोंगा खरा वाजावा म्हणून सारी घडी खोटी करता? अन् ते मशिदीत? काऊन हो साहेब?"

काळेसाहेब पायातल्या चपलांकडे बघायला लागले. चपला बाहेर काढलेल्या होत्या.

"बंद करा," रफीकभाई शांतपणे म्हणाले.

मी वायर काढली. बोर्ड काळा पडला. वेळ झाली तशी मुअज्जिननं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि अजान दिली. कोणी ओरडलं नाही, टोमणा मारला नाही. उलट आम्हाला बसवून हातावर खजूर ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर तो गिळायला सोपा गेला असता.

खजूर तोंडात असतानाच काळेसाहेबांचा फोन वाजला. नांदुरा. मग वडनेर भोलजी. नव्या चिपचे बाकीचे बोर्ड पूर्वेलाच गेले होते. साहेबांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः पाणी प्यायला गेले. ते बराच वेळ पाणीच पीत होते.

तो एक शब्द मी नंतर सगळ्या बोर्डांत भरला. ते आता अचूक चालतात. रफीकभाईंनी बोर्ड भिंतीवर परत लावून घेतला, पण भोंग्याची वायर काही जोडू दिली नाही. "घडी पाह्यतो आम्ही," ते म्हणाले, "पण भोंगा आमचा माणूस वाजवीन." नांदुऱ्यानं आणि वडनेरनंही तेच केलं. भोंगा वाजवणारा बोर्ड म्हणून आमची जी ओळख होती, ती त्या एका संध्याकाळी संपली.

शिकलो ते एवढंच. नव्या चिपवर जुना प्रोग्राम कुरकुर न करता चालायला लागला की खूश होऊ नये. त्याला आधी एखाद्या उण्या गावाला नेऊन आणावं, आणि तेही रमजानच्या आधी.