उल्काच्या बशीतले निळे-हिरवे ठिपके

आमच्या आळीत उल्का सगळ्यांत कमी बोलणारी. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत अन्न तपासायची एक प्रयोगशाळा आहे, तिथे ती जंतू शोधते. मी उभी हयात रंगमंचावर घसा फोडून टाळ्या घेतल्या; पण या पोरीने पाच दिवस गप्प राहून जो प्रयोग रंगवला, त्याला तोड नाही.

तिची नणंद वेदिका बाळंतपणाला माहेरी आली होती. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी वीस दिवसांच्या मुलीला वरून पावडरचं दूध सांगितलं. डबा हरिश्चंद्राच्या औषधांच्या दुकानातला. आठवड्याभरात पावडरीत गुठळ्या दिसल्या आणि उल्काच्या सासूबाई, आमच्या येसूबाई, कडाडल्या.

"भेसळ! आत्ता जाते नि डबा त्याच्या गल्ल्यावर आपटते!"

"आई, पाच दिवस थांबा. तोवर यातलं बाळाला देऊ नका, दुसऱ्या कंपनीचं द्या."

"पाच दिवस? उगवायला घालत्येस काय गो?"

"हो, तेच करणार," उल्का म्हणाली आणि डब्यासकट मापाचा चमचाही घेऊन गेली.

पण आळी थांबते थोडीच! दुसऱ्या दिवसापासून हरिश्चंद्राकडे बाळाची पावडर कुणी घेईना. तीस वर्षांचं दुकान. बिचारा उल्काच्या दारात आला.

"वहिनी, माझं नाव तुमच्या हातात आहे."

उल्काने त्याच्याकडून त्याच बॅचचे चार बंद डबे मागून घेतले.

कोरड्या पावडरीत जंतू असला तरी झोपलेला असतो. क्रोनोबॅक्टर नावाचा एक क्वचितच सापडतो, पण तान्ह्या मुलाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो. त्याला पकडायचं तर आधी जागं करायचं. पावडर पोषक पाण्यात घालून उबेत ठेवायची, मग त्याला मानवेल आणि इतरांना मानवणार नाही अशा द्रवात एक दिवस, मग खास बशीवर एक दिवस. निळे-हिरवे ठिपके उमटले की संशय. पुढची चाचणी झाली की खात्री. पडदा वर जायची वाट मी फार तर तासभर पाहिली असेन, तिने पाच दिवस पाहिली.

बंद डबे चारही स्वच्छ निघाले. उघड्या डब्यात जंतू सापडला; चमच्यावर तर निळी-हिरवी रांगोळीच!

आता हे सासूला सांगायचं होतं.

"आई, चमचा तुम्ही दर वेळी धुता?"

"धुणारच! या घरात खरकटं चालत नाही."

"आणि ओलाच डब्यात ठेवता. मोरीवरचा जंतू त्याच्याबरोबर आत गेला, ओलाव्याने गुठळ्या झाल्या."

येसूबाईंनी पाळण्याकडे पाहिलं. "म्हणजे मीच गो? माझ्या नातीला?"

"नात ठणठणीत आहे, डॉक्टरांनी परवाच तपासलंय. तुम्ही वाफाळत्या पाण्यात पावडर कालवता, निववून लगेच पाजता, उरलेलं ओतून देता. त्या कढत पाण्यानेच तिला सांभाळलं."

येसूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि थेट हरिश्चंद्राचं दुकान गाठलं. मी मागोमाग. असा प्रवेश मी चुकवीन?

"हरिश्चंद्रा, चूक माझी! तुझी पावडर चोख आहे," त्या भर गिऱ्हाइकांत म्हणाल्या आणि एका तरुण आईकडे वळल्या. "तू गो, चमचा पुरता वाळल्याशिवाय डब्यात घालू नको!"

"काकी, रोज येत चला," हरिश्चंद्र हसला. "जाहिरात करायला नको."

बाहेर उल्काने स्कूटरचा हॉर्न वाजवला. "आई, चला, मला कामाला उशीर होतोय."

"तू हो पुढे! अजून पाली गावच्या दोघीजणी पावडर न्यायला यायच्यात, त्यांना सांगून येते."