आईने धरलेला लघुग्रह

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. कुणी विचारलं नाही तरी सांगते. त्यामुळे शेवटच्या वर्षाला कॉलेजात लघुग्रह शोधायची मोहीम आली, तेव्हा मी घरी आधीच जाहीर करून टाकलं की मंगळ आणि गुरूच्या मधला एक तरी दगड मी शोधणारच.

आठवडा गेला, दगड सापडेना. दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्याथोड्या वेळाने काढलेले चार फोटो यायचे. ते लॅपटॉपवर एकामागून एक फिरवायचे आणि सरळ रेषेत सरकणारा ठिपका धरायचा. अहवालाचा शेवटचा दिवस उजाडला, मुदत पाचची. तीन वाजले तेव्हा चुलते ओसरीवर चहा पीत बसले होते.

"काय गं, घावलं का ढेकूळ? आमच्या रानात ये, पाटीभर देतो."

आई मेथी निवडत होती. उठून माझ्यामागं उभी राहिली. "तू चमकतंय तिकडं बघतीस. जे हालत न्हाई ते आधी धर."

हे ती कुठं शिकली ते सगळ्या वस्तीला ठाऊक. आमच्या आणि चुलत्यांच्या रानातला बांध दर नांगरटीला थोडा आमच्याकडं येतो. आई विहिरीवर उभी राहते, बाभूळ आणि खुणेचा दगड नजरेनं एका रेषेत धरते आणि बांध किती बोटं सरकला ते सांगते.

दोन चांदण्या धरून तिनं मला फोटो फिरवायला लावले. मग मेथीची काडी पडद्याला टेकवली. "ह्यो बघ. बांध कोरल्यागत सरकत चाललाय."

फिकट ठिपका, अगदी सरळ रेषेत. माहीत असलेल्या लघुग्रहांच्या यादीत तो नव्हता.

"नोंद कुणाच्या नावावर?" चुलत्यांनी कप खाली ठेवला.

"आत्ता कच्ची. पक्की व्हायला वर्षं लागतात."

"म्हंजी तिथंबी फेरफार हायच!"

अहवालात शोधणाऱ्याचं नाव टाकायचं होतं. खरं सांगते, मी माझं टाकलं. लॅपटॉप माझा, कॉलेज माझं. आई परत मेथी निवडायला बसली. चुलते मात्र डोकावून खुशीत म्हणाले, "असू दे. थोडं इकडंतिकडं चालतंच."

त्यांची शाबासकी मला झोंबली. मी नाव खोडलं. आधी आईचं टाकलं, त्याखाली माझं. मग दोन्ही नावं चुलत्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, दोनदा.