डब्याला ढग कळेना

माझ्या हातचा पहिला कंट्रोलर मी आईच्या सोलर पंपावर बसवला, आणि त्याच्या भरवशावर तिनं जानेफळच्या आमच्या शेतातल्या वरच्या तुकड्यात टोमॅटोची रोपं लावली. तिथं पाणी चढायचं तर पॅनेलमधून पुरी ताकद निघायला हवी.

या कंट्रोलरच्या डब्याची युक्ती साधी होती. पॅनेलचं व्होल्टेज जरासं बदलायचं. ताकद वाढली तर त्याच दिशेनं पुढं जायचं, घटली तर मागं फिरायचं. मे महिन्याच्या निखळ उन्हात त्यानं झकास काम केलं आणि मी मेहकरच्या दुकानात, जिथं पंपांचे डबे दुरुस्त करते, कॉलर ताठ करून फिरले.

मग ऑगस्टात पावसानं दडी मारली. नुसते ढग पळत होते. वरच्या तुकड्यात पाणी यायचं, मरायचं, पुन्हा यायचं. तीन दिवसांत रोपांनी माना टाकल्या. शेजारच्या शेतातले काका म्हणाले, कंपनीचा जुना डबा लाव, पोरीची हौस पुरे झाली. मी त्यांना तडकून बोलले. खरं तर मला माझाच राग आला होता.

चौथ्या दिवशी मी डब्यापाशी मीटर लावून बसले होते आणि आई पाइपाच्या तोंडाशी. ती पाण्याकडे आणि आभाळाकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी तिनं मला हाक मारली.

"ढग सरकला का पानी आपोआप वाढते. तुह्या डब्याले वाटते, आपुनच वाढवलं. मंग तो तसाच चालत राह्यते, उलट्या रस्त्यानं."

चूक अगदी तीच होती, आणि ती मला सापडायला हवी होती, याची थोडी चिडचिडही झाली.

दुपारपर्यंत बांधावर बसून लॅपटॉपवर प्रोग्राम बदलला. आता डबा पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबतो, ऊन आपसूक किती बदललं ते मोजतो आणि तेवढं वजा करतो. पुऱ्या ताकदीपासून लांब असला की मोठं पाऊल टाकतो, जवळ आला की छोटं. ढग तसेच पळत होते, तरी पाणी वर चढलं आणि रोपांच्या शेवटच्या सरीपर्यंत गेलं. बहुतेक रोपं वाचली.

पुढं गावातले लोक डबा बघायला येऊ लागले. प्रत्येकाला मी अभिमानानं सांगायचे, की खोट माझ्या आईनं पकडली. एकदा तिनं मला मध्येच थांबवलं.

"खोट कोनालेई दिसली असती. तीन दिवस रोपं सुकून राह्यली होती, तरी म्या तुहा डबा काढू देला नाही. ते सांग ना त्यायले."

समोर आलेले लोक पंपाकडे बघत होते; मी त्यांना आईकडे बघायला लावलं आणि त्या तीन दिवसांपासून सांगायला सुरुवात केली.