आवाज येतो, चित्र नाही

वखारवाल्या काकांच्या घरात पाठीमागून बोलायचं नाही, हा नियम. काकांनी उमेदीची सगळी वर्षं लाकडाच्या वखारीत करवतयंत्रापुढे काढली आणि त्या यंत्रानं त्यांचे दोन्ही कान हळूहळू खाऊन टाकले. तेव्हापासून ते ओठ वाचतात. बोलायचं असेल तर समोर यायचं, तोंडावर हात धरायचा नाही आणि ओरडायचं तर मुळीच नाही, कारण ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात. त्यांची लेक बोलायला शिकली तीच अशी, समोर बघून, एकेक शब्द सुटा करून.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. इंटरनेट कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर माझी नोकरी. आठवडाभर शिव्या खाऊन झाल्यावर सुट्टीच्या दिवशी कुणी दार वाजवलं की माझं डोकं फिरतं. पण त्या सकाळी दारात काका होते आणि त्यांचा चेहरा बघून माझा राग जागच्या जागी विरला.

"लेक भाषणाला उभी राहतेय आणि पडदा काळा!" त्यांनी अख्ख्या जिन्याला ऐकवलं.

लेकीचा पदवीदान समारंभ होता. सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायला तिची निवड झाली होती आणि कॉलेजच्या वेबसाइटवर तो थेट दाखवत होते. मी गेले तेव्हा संगणकातून टाळ्या ऐकू येत होत्या, पडद्यावर मात्र ठार अंधार. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, किती स्वच्छ आवाज येतोय तिचा!"

"आवाज येऊन मला काय उपयोग?" काका म्हणाले. "मी काय त्या डब्याला कान लावून बसू?"

मी कामाला लागले. पान पुन्हा उघडलं. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन बंद केलं. ब्राउझरनं साठवलेलं जुनं सगळं पुसलं. काळं ते काळंच. माझ्या फोनवर चित्र दिसलं, पण तिचं तोंड तिळाएवढं. मोठं करायला गेले तर नुसते ठिपके. फोनवर मी लोकांना दिवसभर सांगते, "घाबरू नका, साधी गोष्ट आहे." इथे ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

शेवटी काकूच काकांच्या समोर जाऊन बसल्या. लेक बोलेल ते ऐकायचं आणि आवाज न करता ओठांनी काकांना सांगायचं. शिक्षकांचे आभार झाले. वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीवरून तिनं कुणाची तरी टर उडवली, तेव्हा सभागृहाच्या मागोमाग काका हसले. मी सेटिंग्जमध्ये शिरून एकेक ओळ तपासत होते.

मग लेक म्हणाली, "बाबा, हे मुद्दाम कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगतेय. आई रेडिओवर गायची. तुमचे कान गेले तेव्हा तिनं तुम्हाला सांगितलं की तो कार्यक्रमच बंद झाला. तो चालूच होता, बाबा. आईनं गाणं सोडलं. मावशीनं मला सांगितलं."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचे ओठ थांबले होते.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

"प्राचार्यांचे आभार मानतेय," काकूंचे ओठ म्हणाले.

माझा हात नेमका तेव्हाच हव्या त्या ओळीवर पोचला होता. हार्डवेअर ॲक्सलरेशन. म्हणजे ब्राउझर व्हिडिओचं चित्र रंगवायचं ओझं संगणकातल्या ग्राफिक्स कार्डावर टाकतो. काकांचं कार्ड जुनं, त्याला ते झेपत नव्हतं. मी ते बंद केलं, ब्राउझर मिटून पुन्हा उघडला आणि पडदाभर लेक उभी राहिली. काकांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"मागे घे," ते म्हणाले. "पहिल्यापासून बघतो. माझ्या डोळ्यांनी."

काकू उठल्या. काकांच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात मला म्हणाल्या, "ते पुन्हा बिघडव ना गं. कसंही कर."

त्या घरात पाठीमागून बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. माझा जीव कळवळला, आणि खरं सांगायचं तर संतापही आला. एवढी वर्षं हे एकटीनं गिळून बसल्या होत्या! पण लेकीनं ते ज्याच्यासाठी सांगितलं होतं, तो माणूस पडद्यासमोर बसला होता. मी व्हिडिओ सुरुवातीला नेला आणि माउस सोडून दिला.

काका वाचत गेले. टाकीच्या विनोदाला पुन्हा हसले. 'बाबा' या शब्दाला पुढे झुकले. मग मागे काकूंकडे वळले.

"म्हणजे त्या रेडिओवाल्यांना मी एवढी वर्षं उगाच शिव्या घातल्या?"

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच अडकलं. काकू समोर आल्या. "तुम्हाला ऐकू येणार नाही, मग कुणासाठी गायचं?"

"कान माझे गेले. गळा तुझा होता ना?" काकांचा आवाज फुटला. "मला विचारायचंस तरी."

पदवीदान चालूच होतं, कुणाकुणाची नावं पुकारत होते. काकांनी हात लांब करून संगणक बंद केला.

"लग्नाआधी रेडिओवर म्हणायचीस ते म्हण."

"आता? काहीतरीच काय!"

"म्हण."

काकूंनी सुरुवात केली. आवाज गंजलेला, वरच्या सुराला चिरकणारा. काका त्यांच्या ओठांवरून नजर काढत नव्हते. मी निघायला हवं होतं, पण माझा पाय हलेना.

"थांब," काका मध्येच म्हणाले. "एक ओळ खाल्लीस. परत घे."

काकूंनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून घेतलं.